शाबूत सील, तीन पोती कमी

सकाळचे साडेअकरा, मुदखेडचं एक रेशन दुकान. गोदामातून गव्हाची गाडी आलेली आणि तिच्या दाराला नवं प्लास्टिकचं सील. एकदा बसवलं की कापल्याशिवाय निघत नाही, आता वाटेतली चोरी बंद, असं पुरवठा खात्यानं आम्हा पत्रकारांना चहा पाजून सांगितलं होतं. दुकानदार बाबूरावांनी पक्कडीनं सील कापलं, पोती मोजली. तीन कमी.

"मी चलनावर सही करणार न्हाई," बाबूराव म्हणाले. "गहू पुरला न्हाई की गल्ली मलाच चोर म्हणंल."

"सील तर तुम्हीच कापलं ना मामा?" ड्रायव्हर शांतपणे म्हणाला.

मी विचारलं, "वाटेत बदललंस का?"

"बदलावंच लागतंय साहेब. लई किचकट हाय. उलटं घातलं की अडकत न्हाई, जोरात ओढलं की तुटतंय. म्हणून गोदामवाले जास्तीची देऊन राहिले." त्यानं खिशातून मूठभर सीलं काढून दाखवली.

"मग चलनावर सीलचा नंबर कुठला?"

"तो इथं आल्यावर लिहायचा. आधी लिहिला की खाडाखोड होते."

मी तिथूनच पुरवठा अधिकाऱ्यांना फोन लावून तीन पोती कमी असल्याचं सांगितलं.

"सील शाबूत होतं?"

"होतं."

"नंबर जुळतो?"

"जुळणारच. आत्ता ड्रायव्हरनं माझ्यासमोर लिहिला."

"मग माल पूर्ण आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बाबूरावांना सही करावीच लागली. त्या महिन्यात रांगेतली शेवटची घरं गव्हाविना परत गेली. ती तीन पोती कुठं उतरली, हे खात्यानं अजून सांगितलेलं नाही.