सगळ्यात सोपं पॉलिश

पॉलिशचं मला विचारू नका, पण विचारलंच आहे तर ऐका. ओझरच्या कारखान्यात होतो तेव्हा मी एक जुनी गाडी घेतली होती. मेव्हणीच्या लग्नात नवरदेव त्याच गाडीतून मिरवणार होता आणि तिच्या रंगाची तर रया गेलेली. ड्युटी करून मीच पिचलेलो. दुकानदाराला म्हटलं, "ज्याला मेहनत कमी, ते द्या."

त्याने एक डबा पुढे केला. "हे सगळ्यात सोपं. लावा, वाळू द्या, पुसा."

सासरे कळवणहून आले होते. म्हणाले, "मी करतो, तुम्ही जा कामाला." मी डबा दिला आणि दुकानदाराचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

संध्याकाळी आलो तर बॉनेटभर ओरखडे आणि शेजारी घमेल्यात वाळू. मी पायरीवरच बसलो. "मामा, हे काय केलं?"

"तुम्हीच बोलले ना, वाळू द्या. भिंतीला चुना देतो तशी गाडीला वाळू दिली. लय घासली."

"अहो, वाळू द्या म्हणजे सुकू द्या."

त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. मग मलाच धीर देत म्हणाले, "तरी मी चाळून घेतली होती."