धनू राशीतलं कृष्णविवर

आत्या : आणि हे तुझं कृष्णविवर नेमकं माझ्या भाचीच्याच राशीत येऊन बसलं? धनूत? तेही मूळ नक्षत्रात? मला काय दूधखुळी समजलीस, विद्या?

विद्या : ते आत्ता नाही आलं, आत्या. आकाशगंगेच्या मधोमध आहे, आणि तो मध्य आपल्याला धनूच्या दिशेला पडतो. सच्ची. कॉलेजात हेच शिकवते मी.

आत्या : मग कॉलेजातच ठेवायचं! ग्वाल्हेरला तुझ्या होणाऱ्या सासूच्या, अहिल्यावहिनींच्या कानावर कशाला घातलंस? बाई सकाळपासून हवालदिल. ‘तुमच्या मुलीच्या नक्षत्रात सूर्य गिळणारं काहीतरी आहे म्हणे, लपवलंत की हो!’ इतकी वर्षं पत्रिका जुळवतेय, असं कोणी बोललं नव्हतं मला.

विद्या : त्यांनीच विचारलं, काय शिकवतेस. मी सांगितलं.

आत्या : तेवढंच?

विद्या : माझी रास धनू आहे, याची आठवणही करून दिली.

आत्या : हां! आता आलीस मुद्द्यावर. दिसतं का ते?

विद्या : नाही. त्यातून उजेडसुद्धा बाहेर पडत नाही.

आत्या : दिसत नाही, पण वजन ठाऊक. चाळीस लाख सूर्यांएवढं! कुठल्या तराजूत घातलंत गं?

विद्या : जवळचे तारे बघून. मधे काहीच दिसत नाही, आणि तारे त्या रिकाम्या जागेभोवती फिरतात. एक तर सोळा वर्षांत फेरी पुरी करतो. जवळ आला की असा सुसाट सुटतो, पूछो मत! एवढ्या वेगाच्या ताऱ्याला धरून ठेवायचं तर मधे किती वजन हवं, ते काढता येतं.

आत्या : आणि मोबाइलवर दाखवलास तो फोटो? न दिसणाऱ्याचा फोटो?

विद्या : ते कडं तापलेल्या वायूचं. मधला अंधार आहे ना, तिथे ते.

आत्या : आणि ते सगळं गिळत सुटतं.

विद्या : छे! फार जवळ गेलं तरच. लांबचं नुसतं फिरत राहतं. आपण तर इतके लांब, की त्याची ओढ इथे असून नसल्यासारखी.

आत्या : म्हणजे तुला त्याची काही बाधा नाही. हे सांगितलंस वहिनींना?

विद्या : त्यांनी विचारलं नाही.

आत्या : वा गं वा! खरं बोलून फसवलंस बाईला. अगं, मूळ नक्षत्राची पोर सासऱ्याला वाईट, म्हणून सासरा नसलेलं घर हवं, त्यापायी जीव काढला मी. या गावात खंडेराव गेटपासून ओरछा गेटपर्यंत आपली मराठी घरं उरलीत किती? खरं सांग, कोण आहे? बबीन्याच्या छावणीतला कोणी फौजी?

विद्या : कोणी नाही. देवाशप्पथ.

आत्या : मग मुलात काय खोट निघाली?

विद्या : रामकृष्णजी मला बघायला आले तेव्हा गच्चीवर म्हणाले, ‘ये तारे-वारे शादी तक. बाद में घर देखना.’ हसत म्हणाले. बाबांना सांगितलं, तर ‘मुलगे बोलतात असं.’ मग तुला सांगितलं.

आत्या : मी काय म्हटलं?

विद्या : ‘अठ्ठावीस गुण जुळतायत.’

आत्या : म्हटलं असेन.

विद्या : मी नको म्हणत होते तेव्हा कोणी ऐकलं नाही, आत्या. नक्षत्राचं नाव काढल्यावर सगळे ऐकायला लागले. मला भीती वाटते गं त्या घराची.

आत्या : रडू नकोस. कारटी मेली, आधी रडली असतीस तर...

(आत्याचा फोन वाजतो.)

आत्या : त्यांचाच. गप्प बस. हं, बोला वहिनी. नाही हो, लपवायचं काय त्यात... हो, खरं आहे. तिच्याच नक्षत्रात... काय म्हणता? त्याची शांत करून घ्यायला तयार आहात? खर्चासकट?

विद्या : आत्या, नको ना गं.

आत्या : थांब जरा. हं, वहिनी, ऐका. मुळाची शांत असते, मंगळाची असते. मी स्वतः बसून करवल्यात... नाही, भटजींना विचारून उपयोग नाही. ह्याची शांत नसते.