कॉम्प्युटरातला खवा

—न्हाय दादा, जरा थांबावं लागंल. खवा अजून सैल हाय, आत्ता दिला तर घरी पोचेस्तोर आंबंल. भैरवनाथाचं दर्शन झालं न्हवं? मग बसा निवांत. तिकडं मागं कढईवर बसलीय ती आमची सून, ज्ञानेश्वरी; भट्टीच्या आवाजात तिला हितलं काय ऐकू जात न्हाय. धाराशिवला एमेस्सी करतीया. हसू नका — एमेस्सीवालीनं खवा घोटू नये व्हय? कॉम्प्युटरकडून शास्त्राची गणितं कशी करून घ्यायची, असला विषय हाय तिचा. आन गणित कशाचं घ्यावं — तर आमच्या कढईचं! दूध किती तापतंय, किती आटतंय, समदं मांडलं, आन दर पाच मिनिटांनी काय व्हईल ते कॉम्प्युटरनं सांगायचं. सांगितलं की! आधी दूध भट्टीच्या जाळाहून गरम, मग बर्फाहून गार, मग पुन्हा तिप्पट गरम. म्या लई हसले. ती मातूर रडकुंडीला आली — सूत्र बरोबर, आकडे बरोबर, मग चुकतंय कुठं? म्या म्हटलं, अगं, पाच-पाच मिनिटांनी कशाला बघतीस? म्या कढईवरची नजर काढते का कधी? तिनं पाच मिनिटांचा एक सेकंद केला — आन दूध आलं ताळ्यावर. वर्गात शिकवलं हुतं म्हणं, पाऊल लहान ठिवायचं, पण डोक्यात शिरलं ते हितं, भट्टीपाशी. प्रोजेक्टाच्या पुस्तकात माझे आभार मानलेत तिनं. कडूबाई, असं छापून. म्या चौथी शिकलेली बाई, दोनदा वाचलं.

आता पीएचडी करायची म्हणती, पुण्याला. करंल की, हुशार हाय. फकस्त मुलाखतीला बोलावणं यायचं ऱ्हायलंय. हात खव्यात असतात, म्हून तिचा फोन माझ्यापाशी गल्ल्यावर असतो, आन ती दर घडीला इचारती, आला का, आला का — आला न्हाय का म्हणता? आला की. म्हंजे — सकाळी आला. उद्या अकराला या म्हणाले. म्या म्हटलं, तिला जमायचं न्हाय. असं काय बघता? लेक युवराज ट्रकवर, म्हयना म्हयना घरी न्हाय. कढई ढवळायला माणूस मिळंल हो, पण दिवसभर बोलायचं कुणासंगट? तिला न्हाय सांगितलं अजून. सांगणार बी न्हवते.

त्यो नंबर फोनात असंल न्हवं? पुन्हा लावता येतो? व्हय, येतो.

बगा, झाला तुमचा खवा. घ्या, आन निघा आता. निघा म्हटलं न्हवं? — ज्ञाने, उलथनं ठिव खाली. हात धू आन हिकडं ये. मग काय रागवायचं ते रागव, आधी ऐकून घे.