भंडाऱ्याची रजिस्ट्री

मंडळी, एक सांगा मला — शब्द खरा कधी होतो? तोंडातून निघतो तेव्हा, की वर सरकारी शिक्का बसतो तेव्हा? ...बघा, पुढची रांग लगेच चपला शोधायला लागली!

तर ऐका. गावाला खेटून शहर सरकत आलेलं आणि रस्त्याकडेला अंकुशरावांची जमीन. गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे विकायला कायद्यानं बंदी. पण अंकुशरावांनी विकले! खरेदीखत होईना, म्हणून साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचे आणि वर खंडोबाच्या देवळात भंडारा उचलायचे — "कायदा मोकळा झाला, की लगेच नावावर करून देईन!" असाच एक गुंठा घेतला शेवंताबाईंनी. विधवा बाई, खाणावळीत पोळ्या लाटून त्या गुंठ्यावर दोन खोल्या बांधल्या.

आणि झाला की हो कायदा मोकळा! सरकार म्हणालं, जुने तुकडे नियमित करून घ्या, खरेदीखत नोंदवा. गाव पेढे वाटतंय आणि अंकुशरावांना ताप भरला! का? जमिनीचा भाव आभाळाला टेकला ना!

शेवंताबाई आल्या, की आज अमावस्या! पुन्हा आल्या, की आज गुडघा! बाई आपल्या चहा पिऊन परत.

एकदा त्या आल्या नेमक्या अंकुशरावांच्या लेकीच्या सुपारीला. बैठक भरलेली, व्याही मारुतराव समोर बसलेले. अंकुशरावांना वाटलं, चारचौघांत हिला कायमची गप्प करू.

"बाई, तो व्यवहारच बेकायदा! जो कायद्यानं झालाच नाही, तो मी पुरा कसा करू? मी कायदा पाळणारा माणूस!"

"आणि भंडारा उचललात तो?"

"भंडाऱ्याची कुठं रजिस्ट्री असते?"

बैठक खो-खो हसली! अंकुशराव मनात म्हणाले, जिंकलं! तोच मारुतरावांनी हातातली सुपारी ताटात परत ठेवली.

"का हो व्याही? फोडा ना!"

"फोडली असती. पण सुपारीची तरी कुठं रजिस्ट्री असते? आज हो म्हणाल, उद्या म्हणाल सोयरीक झालीच नाही! आधी बाईंचं खरेदीखत करा, मग आम्हाला बोलवा."

उठले की हो पाहुणे! आतल्या दाराशी लेक नटून उभी. तिनं बापाकडे पाहिलं — आणि मान खाली घातली. मंडळी, तेव्हा कुठं त्या माणसाला लाज वाटली!

दुसऱ्या दिवशी शिपाई कचेरीचं कुलूप काढतोय, तर पायरीवर कोण? अंकुशराव! शेजारी शेवंताबाई! खरेदीखत झालं, तेव्हा सुपारी फुटली.

हसताय? हसा! पण त्या बैठकीत खो-खो हसले ते कोण होते? गुंठे विकलेलेच होते सगळे! आता कायद्याची आडकाठी गेली, मग कुणाची उरली? तुमच्याही ओट्यावर कुणी ताटकळत असेल, तर लेकीची मान खाली जायची वाट बघू नका. आधी त्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर लावा. मग या इथं, देवाचं घ्यायला!