टोप्या तडकल्याची तक्रार

—नाही नाही, ओव्हन बंद नका करू, तापू द्या त्याला. थंड असताना तो साळसूदच असतो हो. तापला की रंग दाखवतो. तुमचा तो तापमानाचा काटा आतल्या जाळीवर ठेवा, मागच्या कोपऱ्यात, तिथेच सगळा घोळ आहे. मी सांगते ना. चार महिने रोज ह्याच्यासमोर उकिडवी बसतेय मी, काचेला नाक लावून. ह्यांनी तर विचारलंसुद्धा, आत सिनेमा लागलाय का म्हणून. सिनेमा कसला, रडगाणं! हे बघा, हे आजच्या सकाळचं ताट. बघा, बघा. किळस नाही येत? मला येते. वरून तडकलेल्या, खालून चिकटलेल्या, आतून पोकळ — बोट लावलं की फुस्स. ह्याला मॅकरॉन म्हणायचं? पावसात भिजलेल्या बुटाचा तळवा बरा दिसतो.

बसा ना त्या स्टुलावर. तापायला वीस मिनिटं लागतात, मला पाठ आहे. आम्ही ह्या कवचांना टोप्या म्हणतो. वरची एक टोपी, खालची एक टोपी, मधे सारण. सोपं वाटतं ऐकायला. बदामाची पूड, पिठीसाखर, कोको आणि अंड्याचं पांढरं, चारच तर वस्तू. पण नखरे? नवीन नवरीचे नसतील इतके! अंड्याचं पांढरं आदल्या दिवशी काढून ठेवा, पूड तीनदा चाळा, खोलीत दमट नको, पंखा नको, दार आपटायचं नाही, आणि चॉकलेटच्या असतील तर आणखीच तोरा — कोकोनं पीठ जड होतं ना, मग एक हात जास्त घोटलं तर पातळ, एक हात कमी तर गोळे. पट्टीसारखं पडलं पाहिजे उलथन्यावरून, आणि दहा म्हणेपर्यंत परत सपाट झालं पाहिजे. आठ नाही, बारा नाही. दहा! मग भट्टीत खाली झालर सुटते, सुटली तर. माझ्या ह्या बघा — झालर कसली, चिंधी.

काय दाखवतोय काटा? एकशे अठ्ठेचाळीस? थांबा, चढेल अजून, उड्या मारतो तो.

तोवर हा एक खाऊन बघा. अहो घ्या, लाजताय काय, हा ह्या ताटातला नाही, फ्रिजमधला आहे. आत रास्पबेरी आहे, आंबट लागेल आधी. कसा आहे? — हं. माहीत होतं. सारण माझं आहे ते, फळ मी स्वतः शिजवते, बिया गाळून, चॉकलेट घालून, साखर अगदी बेताची. त्यात मात्र कुणी माझा हात धरणार नाही. काय? टोपी? टोपी काय टोपी, सगळे टोपीबद्दलच बोलतात! कुरकुरीत आहे, आतून मऊ आहे, झालर सरळ आहे, दिसतंय मला, आंधळी नाही मी.

ह्याच ओव्हनमधली का? — नाही. ह्यातली कशी असेल? हा बिघडलाय ना!

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. धाकटीची आहे ती. धाकटी बहीण माझी. आठ वर्षं आम्ही दोघींनी केलं हे, ह्याच ओट्यावर. टोप्या ती करायची, सारण मी, गिऱ्हाइकांशी बोलणं मी. बोलायला तिला जमतच नाही, फोन वाजला की पदार्थ जळल्यासारखा चेहरा करते. म्हणून मीच बोलायची. म्हणून लोकांना वाटायचं मीच करते. मी काय करू मग, प्रत्येकाला धरून सांगत बसू?

मग एक मासिकवाली आली. गळ्यात कॅमेरा, पायात चिखलाचे बूट, माझी फरशी घाण केली तिनं. फोटो काढले, खाल्ले पाच-सहा, आणि मला विचारलं, दोघी मिळून करता का? मी म्हटलं — हे बघा, बोलण्याच्या ओघात जातं तोंडून एखादं — मी म्हटलं, नाही हो, मीच करते, ती डबे बांधते.

धाकटी मागेच उभी होती. हातात ताट, नुकतं काढलेलं, वाफ निघत होती. एखादीनं ताट आदळलं असतं, मलाही चार शब्द सुनावता आले असते. पण नाही! ताट ठेवलं, ओटा पुसला, एप्रन खुंटीला अडकवला — तो काय, तिथेच आहे अजून, मी हात लावत नाही — आणि ताई, येते, म्हणाली. येते! आणि चार महिने आली नाही. असं गोडीनं जाणाऱ्या माणसांची मला शिसारी येते, सांगते तुम्हाला. भांडा ना! दोन द्या, दोन घ्या. हे काय, सोज्वळपणाचा काटा समोरच्याच्या मनात रुतवून ठेवायचा!

आणि तेव्हापासून हा ओव्हन बिघडला. दुसऱ्याच दिवसापासून. हसू नका. नाचता येईना अंगण वाकडं, हेच म्हणताय ना मनात? आमचे हे तोंडावर म्हणतात. आठ वर्षं मी तिचं बघतेय, शेजारी उभी राहून, मला येत नसेल? दहा म्हणेपर्यंत सपाट — मी मोठ्यानं आकडे म्हणते! आणि तरी हे असले तळवे निघतात. काल तर मी सगळं ताट उचलून त्या कचऱ्याच्या डब्यात ओतलं, वरून भांड्यांचं पाणी ओतलं, आणि तिथेच उभी राहिले. माझ्याच हाताची घाण वाटली मला. खरंच. साबणानं धुतले, तरी कोकोचा वास जाईना.

उद्या लग्नाची ऑर्डर आहे ना माझी. शंभर. म्हणजे दोनशे टोप्या. पाच महिन्यांपूर्वी घेतलेली, तिनंच वहीत लिहून घेतली होती. नवऱ्यामुलीची आई रोज फोन करते, तुमच्या हातचेच हवेत म्हणून. माझ्या हातचे!

तर आज सकाळी बेल वाजली. दारात धाकटीचा नवरा, हातात दोन मोठे डबे. म्हणाला, तिनं दिलेत. बस. चिठ्ठी नाही, निरोप नाही. उघडले — टोप्या. ओळीनं, कागद घालून, एकसारख्या, जशा काही साच्यातून काढल्या. मोजल्या मी. दोनशे दहा. दहा जास्तीच्या का, तर माझ्या हातून सारण भरताना फुटतात, हे तिला माहीत! अहो, राग कशाचा येतो माणसाला? त्या दहांचा आला मला.

ह्यांच्यावर तोंड टाकलं मग. म्हटलं, तुम्हीच तिच्या पायाशी जाऊन नाक घासलंत, तुम्हीच भीक मागितलीत, मला तुमची लाज वाटते. ते म्हणाले, मी फोनसुद्धा केला नाही. मी म्हटलं, खोटारडे. न जेवताच ऑफिसला गेले ते. आणि मी काय केलं, सांगू? सारण भरलं. चाळीस भरून झालेत, फ्रिजमध्ये आहेत. डब्यावर चिकटवायला माझ्या एकटीच्या नावाचे स्टिकर आहेत, ते नुकतेच छापून आणलेत. तुम्ही खाल्लात तो त्यातलाच.

काय? एकशे पन्नास? आणि मागच्या कोपऱ्यात? — तिथेही? परत बघा. काटा झटका जरा. तुमचा काटाच बिघडला असेल.

ठीक आहे म्हणजे? काहीच नाही? तापायची पट्टी, पंखा, दाराचं रबर — सगळंच ठीक? असं कसं होईल! अहो, एक काम करा ना. त्या कागदावर नुसतं लिहा, थोडा दोष होता, दुरुस्त केला. तुमचं काय जातंय? मला दाखवायला पाहिजे फक्त. कुणाला म्हणजे — घरात. नाही लिहिता येत? इतके कसले तुम्ही हरिश्चंद्र लागून गेलात! बरं, लिहा. लिहा, बिघाड आढळला नाही. मोठ्या अक्षरात लिहा.

सही कुठे करू? सही नाही? ओटीपी? मग सांगते, बघू — माझ्या फोनवर काही आलं नाही. थांबा, येईल. आपल्या इथे रेंजची बोंबच आहे. कुठला नंबर आहे तुमच्याकडे? शेवटी त्रेसष्ट?

त्रेसष्ट तिचा आहे.

हो, फॉर्म तिनंच भरला होता दुकानात, माझं अक्षर मलाच लागत नाही. ओव्हन तिच्या नावावरच आहे कागदोपत्री. बदलून टाका आता माझा नंबर — तिलाच विचारावं लागेल? अहो, तक्रार तर मी केली! परवा, ह्याच फोनवरून, मशीनचा नंबर वाचून दाखवला. मग तिचा काय संबंध?

तक्रार नोंदवली की मेसेज तिकडेच जातो? म्हणजे परवाही गेला असेल? काय लिहिलेलं असतं त्यात? दाखवा. — 'ओव्हन. ग्राहकाची तक्रार: पदार्थ नीट भाजत नाही.'

परवा.

म्हणजे ह्यांनी फोन केला नव्हता.

नाही, काही नाही. पाणी नको मला. ठीक आहे मी. तो नंबर लावा बरं तुमच्याच फोनवरून — नको, माझ्यावरूनच लावते. माझ्यावरून नाही उचलला तर बघू. आकडा विचारायचा आहे फक्त. सहा आकडी ना? एवढंच. वाजतोय.

हॅलो. — मी. — हं. — ओव्हनवाले आलेत. तुझ्याकडे काही आकडा आला असेल, तो… काय? — नाही. बिघडलेला नाही म्हणतायत. — नाही ग, तो ठीक आहे. तो आधीपासून ठीकच होता.

अहो, तुम्ही जरा बाहेर थांबता का? जिन्यात थांबा. आणि जाताना ते दार ओढून घ्या.