बांधावरचा ऐन

नवापूरच्या बसची वाट पाहत हीराबाई बाकावर बसल्या होत्या. शेजारी बहीणभावाची हुज्जत चालली होती.

"हन्नाताई, बांधावरचा ऐन उद्या तोडतोच. नव्या घराच्या आढ्याला लाकूड पाहिजे."

"त्यावर रानरेशमाचे कोष लटकलेत, पौलस. पतंग निघू दे."

"निघाले की तोडू?"

"मग माद्या तिथंच अंडी घालतील."

"घातल्यावर?"

"अळ्या खातील काय? तुझी कौलं?"

"म्हणजे कधीच तोडायचा नाही."

"आजोबा त्या कोषाच्या पट्टीनं विळ्याची मूठ बांधायचे. किती वर्षांनी दिसले रे हे कोष."

हीराबाईंनाही ते कोष शेवटचे दिसले होते परकर नेसायच्या वयात.

पौलसनं खिशातला लाकडाच्या मापाचा कागद चुरगळला.

"आढ्याला लोखंडी पाइप घेतो. पण तुझ्या शेळ्यांसाठी त्या ऐनाची एक फांदी ओरबाडायची नाही, ताई."