न्हाणीबाहेरचा गिझर

नवीन जालन्यात बँकेच्या रांगेत शिवनारायणशेठच्या पुढं दोघं बहीणभाऊ उभे होते.

"अक्का, कंटेनरच्या घरात गॅसचा गिझर बसला का?"

"बसला. रेणुका फिटरनं न्हाणीच्या बाहीर बसवला."

"बाहीर कामून?"

"म्हणली, बंद न्हाणीत जळल्या गॅसची हवा कोंडती. वास येत न्हाई, माणूस आंघोळ करता करता आडवं पडतं."

"मंग ऐकलंस?"

"कुठलं! म्हणलं, पैसे मी देऊन राह्यले, आतच बसव. तर सामान उचलून निघाली. म्हणली, दुसरा फिटर बघा मावशी, तुमच्या मातीला यायला मला जमायचं न्हाई."

"लई खमकी हाय!"

"अरे, मीच अनवाणी पळाले तिच्यामागं."

शिवनारायणशेठनी रांग सोडून घरी फोन लावला.

"मुस्कान, दादी आंघोळीला गेली का? मंग जल्दी सिलिंडर बंद कर अन् दार वाजव. ती बोलेपर्यंत वाजव, बेटा."